बर्फाच्या वाटेवरची फटफटी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काही जणांना हसू येईल. आपल्या रस्त्यांवर बर्फ साचत नाही. वळवाच्या गारा पडल्या, तर पोरं त्या वेचून तोंडात टाकतात, तेवढ्यात त्या विरूनही जातात. मग बर्फातून मोटारसायकल चालवण्याच्या धोक्यांवर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे कुणी कशाला बोलावे?

बोलावे अशासाठी की, बर्फ आपल्याकडे येत नसला तरी आपली मुले बर्फाकडे जाऊ लागली आहेत. पूर्वी मनालीच्या पलीकडे लाहौल खोऱ्यात जायचे तर ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि ती खिंड हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फाखाली गाडलेली असे. रस्ताच बंद, तेव्हा धोक्याचा प्रश्नच नव्हता. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा वाहतुकीला खुला झाला. डोंगराच्या पोटातून गेलेला हा ९.०२ किलोमीटरचा मार्ग. लाहौलच्या लोकांवर त्याने फार मोठे उपकार केले आहेत. आजारी माणूस भर हिवाळ्यात इस्पितळात पोचू शकतो. पण त्याच मार्गाने आता डिसेंबर-जानेवारीत आपली हौशी मुलेही फटफट्या घेऊन जाऊ पाहतात. मोबाइलवर कुणीतरी चित्रफीत दाखवतो, की पांढऱ्याशुभ्र डोंगरांतून एक मोटारसायकल डौलात चालली आहे. ती पुढच्या वळणावर पडली की नाही, हे चित्रफितीत नसते.

आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी गेल्या हिवाळ्यापूर्वी मला भेटायला आला. उसाच्या पट्ट्यातला, हुशार, आणि मोटारसायकल म्हणाल तर जणू मांडीखालीच वाढलेली. तो आणि त्याचे दोन मित्र असे तिघेजण मनालीपर्यंत गाड्या रेल्वेने आणि ट्रकने नेऊन तिथून पुढे लाहौलात जाणार होते. घरी वडिलांनी नको म्हटले होते. मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा मी काहीतरी युक्ती सांगीन आणि वडिलांचीही समजूत घालीन, असा त्याचा हिशेब. तो म्हणाला, "सर, कारखान्याच्या रस्त्यावर चिखलातून मी भरलेली गाडी काढतो. पावसात घाट उतरतो. बर्फाचं एवढं काय?"

त्याचा हा प्रश्न वेडगळ नव्हता. चिखलात गाडी चालवणे हे खरोखरच कसब आहे. पण चिखलात टायर थोडा रुततो, त्याच्या खाचा मातीला धरतात. पाय टेकला तर पाय बसतो. पडलोच तर अंग चिखलाने माखते, एवढेच. बर्फाच्या टणक, गुळगुळीत पापुद्र्यावर यांतले काहीच नाही. टायर रुतत नाही, पाय टेकावा तर पायही गाडीच्या आधी घसरतो, आणि खाली दगडासारखी जमीन असते.

याच्याही मुळाशी एक गोष्ट आहे. मोटारसायकल उभी राहते ती कशाच्या आधारावर? शाळेतल्या मुलांना हे दाखवणे सोपे आहे. तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे. काठी उजवीकडे कलू लागली की आपण हात उजवीकडे नेतो, म्हणजे काठीचा बुंधा पुन्हा तिच्या भाराखाली येतो. मोटारसायकलस्वार नकळत हेच करतो. गाडी जिकडे कलते तिकडे हँडल किंचित वळते, आणि चाके कललेल्या भाराखाली जाऊन पोचतात. हे क्षणोक्षणी चालू असते, आपल्याला पत्ताही नसतो. पण चाकांना असे बाजूला सरकवणारा जोर येतो कुठून? रस्ता आणि रबर यांच्या घर्षणातून. ते घर्षण नाहीसे झाले की हँडल वळते, चाकही वळते, पण गाडी मात्र सरळच घसरत राहते आणि कललेली ती कललेलीच खाली येते. चारचाकी मोटार बर्फावर घसरते, गरगर फिरते, पण चार पायांवर उभी तरी असते. दुचाकीच्या बाबतीत बर्फ तिचे उभे राहणेच काढून घेतो. इथे स्वाराचे कसब कमी पडते असे नव्हे. कसब ज्यावर चालवायचे ते घर्षणच पायाखाली नसते.

घर्षण किती कमी होते, हे वर्गात मोजता येईल. एक फळी घ्या. तिच्यावर जुन्या रबरी चपलेचा तळ ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. चप्पल घसरू लागेल त्या क्षणी फळीची उंची आणि पायथा मोजा. उंचीला पायथ्याने भागले की घर्षणाचा अंक मिळतो. खडबडीत कोरड्या पृष्ठभागावर पायथा दहा बोटे असेल तर उंची सहा-सात बोटे भरेल. मग एका पसरट थाळीत पाणी घालून ते फ्रीजमध्ये गोठवा आणि तोच प्रयोग त्या बर्फावर करा. जेमतेम एक-दोन बोटे उचलताच चप्पल निसटेल. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराचा हा अंक सुमारे ०.७ असतो, बर्फावर ०.१ किंवा त्याहूनही कमी.

आता या अंकांचा अर्थ रस्त्यावर काय होतो ते पाहा. ताशी ४० किलोमीटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला कुणी वेग म्हणणारही नाही, अशा वेगाने जाणारी गाडी कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरांत थांबू शकते. बर्फावर तिला सुमारे ६३ मीटर लागतात. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एखादा सेकंद जातो, त्याचे ११ मीटर वेगळेच. हे झाले सपाटीवर. विसात एक असा सौम्य उतार असला तर ६३ चे अंतर दुप्पट होते. आणि दहात एक असा उतार असला तर? दहा बोटांना एक बोट उचललेली ती फळी आठवा. त्या उतारावर दोन्ही ब्रेक दाबून धरले तरी गाडी मुळी थांबणारच नाही.

काही जण म्हणतील, आमच्या गाडीला एबीएस आहे. असेल. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलींना ते सक्तीचेच आहे, आणि ओल्या रस्त्यावर त्याने अनेकांचे प्राण वाचवले असतील. पण ब्रेक लावताना चाक अडकू नये, एवढेच त्याचे काम. जे घर्षण आहे त्याचा ते काटकसरीने उपयोग करते, नवे घर्षण निर्माण करत नाही. तिजोरीच रिकामी असली तर हिशेबनीस कितीही चांगला असून काय उपयोग?

बर्फ निसरडा का असतो, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे की, दाबामुळे बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून वस्तू घसरते. शिक्षकांनी हे एकदा आकड्यांनी तपासून पाहावे. बर्फाचा द्रवणांक एका अंशाने खाली आणायला हवेच्या दाबाच्या सुमारे १३० पट दाब लागतो. मोटारसायकलचा टायर रस्त्यावर दाब देतो दोन-अडीच पट. म्हणजे द्रवणांक उतरतो अंशाचा पन्नासावा भाग! तेवढ्याने काय वितळणार? मायकेल फॅरडे याने १८५० सालीच अशी कल्पना मांडली होती की, बर्फाच्या पृष्ठभागावर दाबाशिवायही पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. पुढे १९३९ मध्ये बोडन आणि ह्यूझ या संशोधकांनी दाखवले की, घासण्याने निर्माण होणारी उष्णताही बर्फाचा वरचा थर वितळवते. या दोन्ही गोष्टी आज मान्य आहेत.

हे सांगण्यात केवळ पंडिती हौस नाही. त्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवरचा कडक बर्फ तुलनेने कमी निसरडा असतो. सर्वांत घातक असतो तो शून्याच्या आसपासचा, वरून थोडा पाणावलेला बर्फ. सकाळी दहा-अकराला ऊन पडले, आता रस्ता सुधारला असे वाटून माणूस निघतो, आणि नेमका त्याच वेळी सावलीतला पापुद्रा वरून ओलावत असतो.

तो पापुद्रा दिसतो तरी का? पुष्कळदा नाही. पहाडात त्याला काळा बर्फ म्हणतात. तो काळा नसतो, काचेसारखा पारदर्शक असतो आणि त्यातून खालचे डांबर दिसते, म्हणून काळा. दुपारी उन्हाने कडेचा हिम वितळतो, ते पाणी रस्त्यावरून ओघळते, सूर्य डोंगराआड गेला की तिथल्या तिथे गोठते. पांढऱ्या हिमाला माणूस भितो. ओलसर दिसणाऱ्या डांबराला भीत नाही.

इथे आपल्या निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला जे ठाऊक आहे ते फार उपयोगी पडेल. निफाडला पारा दोन-तीन अंशांवर आला की पहाटे पानांवरचे दव गोठलेले सापडते आणि बागेत शेकोट्या पेटतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी तर गावातला तापमापक शून्याच्या पुष्कळ वर असतानाही गवतावर, मोटारींच्या टपांवर हिमकण दिसतात. हे कसे? हवामानाचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंच, जाळीदार पेटीत असतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन मात्र आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहते आणि वरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होते. तेव्हा मोबाइलवर 'दोन अंश' असे दिसले म्हणून रस्त्यावर बर्फ नसेल, असे समजू नये. पानाला जे घडते तेच डांबराला घडते.

पुलाचे तर विशेषच. जमिनीवरच्या रस्त्याला खालून मातीची ऊब असते. पुलाला वरून, खालून, दोन्ही बाजूंनी गार वारा लागतो, म्हणून तो सर्वांच्या आधी गोठतो. अटल बोगद्याच्या उत्तर तोंडातून बाहेर पडताच चंद्रा नदीवरचा पूल लागतो, ही गोष्ट तिकडे जाणाऱ्याने लक्षात ठेवावी. बोगद्यात कोरडा, सरळ रस्ता मिळाल्याने वेग वाढलेला असतो, डोळे अंधाराला सरावलेले असतात, बाहेर हिमावरचे ऊन एकदम डोळ्यांवर येते, आणि पुढे पूल.

पहाडातले लोक अशा जागी माती, वाळू टाकतात. मीठही टाकतात. मिठाने बर्फ वितळतो, हे आपल्याकडे आइस्क्रीमचा पॉट फिरवलेल्या कुणालाही सांगायला नको. पण पॉटमध्ये बर्फाबरोबर मीठ घातले की ते खारे पाणी शून्याच्या खूप खाली जाते, हेही त्याला ठाऊक असते. थंडी फार कडक झाली की मिठाचाही उपाय चालत नाही, मग माती बरी. रस्त्यावर माती पसरलेली दिसली की आपला मुलगा म्हणतो, काय हा घाणेरडा रस्ता. ती माती कुणीतरी भल्या पहाटे त्याच्यासाठीच टाकलेली असते.

आता गाडीवर बसलेल्या माणसाकडे वळू. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी १९४१ साली दक्षिण ध्रुवखंडावर एक साधा प्रयोग केला. पाण्याने भरलेली लहानशी नळी वाऱ्यात टांगायची आणि ते पाणी किती वेळात गोठते ते पाहायचे. वारा जितका जोराचा तितकी उष्णता लवकर जाते, हे त्यांनी आकड्यांत मांडले. त्याचे जे सुधारलेले सूत्र आज वापरतात त्याप्रमाणे हवा शून्य अंशावर असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला उणे सातची थंडी वाजते. उणे पाचला तीच उणे चौदा होते. मोटारसायकलस्वार हा वारा स्वतःच निर्माण करतो आणि त्याच्या समोर हात धरून बसतो. (विद्यार्थी विचारतील म्हणून सांगतो, वाऱ्याने कोरडी वस्तू हवेपेक्षा अधिक थंड होत नाही, फक्त लवकर थंड होते.)

पहिला बळी बोटांचा. आधी ती दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि दुखणे थांबले याचे माणसाला बरे वाटते! वास्तविक तेव्हाच ती बधिर झालेली असतात. क्लच किती सुटला, ब्रेक किती दाबला, हे बोटांनाच कळत नाही. ज्या रस्त्यावर हळुवार हाताची सर्वांत जास्त गरज, तिथेच हात लाकडाचे होतात. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की बुद्धीही मंदावते. माणूस अडखळत बोलतो, हट्टाला पेटतो, "मला काही झालं नाही" म्हणतो. काकडणारा माणूस एकाएकी काकडायचा थांबला आणि गप्प झाला, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नका. त्याला लगेच आडोशाला न्या, ओले कपडे उतरवा, गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. रमचा घोट देऊ नका. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरून ऊब वाटते, आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. सुती कपडा एकदा घामाने भिजला की अंगावर ओल्या फडक्यासारखा बसतो. आजीने विणलेला लोकरीचा जाड स्वेटर इथे कितीतरी सरस.

बर्फात दुचाकी कुणी चालवतच नाही, असे मात्र नाही. जर्मनीत १९५६ साली एर्न्स्ट लेव्हरकूस याच्या पुढाकाराने श्टुटगार्टजवळ भर हिवाळ्यात मोटारसायकलस्वारांचा मेळावा भरला. 'हिरवा हत्ती' असे लाडके नाव असलेल्या एका अवजड मोटारसायकलीवरून त्याला हत्तींचा मेळावा म्हणू लागले. १९८९ पासून तो बव्हेरियाच्या जंगलभागात भरतो. पण तिथे येणाऱ्या पुष्कळ गाड्या पाहिल्या तर त्यांना बाजूला जोडगाडी असते, म्हणजे तिसरे चाक! गाडी घसरली तरी आडवी होत नाही. गोठलेल्या मैदानावर शर्यती खेळणाऱ्यांच्या चाकांना तर बोटाच्या पेराएवढे अणकुचीदार पोलादी खिळे असतात. ते बर्फात घुसतात, म्हणून स्वार इतका कलू शकतो की हँडल जमिनीला टेकायला येते. ही माणसे बर्फाला जिंकत नाहीत. गेलेला आधार दुसऱ्या मार्गाने परत आणतात, एवढेच. आपल्या मुलांच्या गाडीला ना तिसरे चाक, ना खिळे.

मी त्या विद्यार्थ्याला युक्ती अशी एकच सांगितली. सूर्य चढून रस्ता नीट सुकल्याखेरीज निघायचे नाही, आणि डोंगराची सावली रस्त्यावर येण्याआधी मुक्काम गाठायचा. मधले चार-पाच तास तेवढे आपले. हिम पडला असेल तर तेही नाहीत.

तरीही वाटेत बर्फ लागलाच तर? तो पुढे दिसला की अलीकडे, कोरड्या रस्त्यावर थांबावे. मागे बसलेल्याला उतरवावे. पायी जाऊन पाहावे. बुटाला धरत नसेल तर टायरलाही धरणार नाही. नकळत बर्फावर पोचलोच, तर ब्रेकला हात लावू नये, गाडी कलवू नये, एकदम खालचा गिअर टाकू नये. ॲक्सिलरेटर हळूच सोडत सरळ जाऊ द्यावे. मोटारींनी तुडवून काचेसारख्या केलेल्या चाकोरीपेक्षा कडेचा ताजा, भुसभुशीत हिम बरा, मात्र त्याच्या खाली रस्ता आहे याची खात्री हवी. आणि गाडी आडवी झाली तर तिला सोडून आधी डोंगराच्या बाजूला व्हावे. मुले काय करतात, तिथेच उभी राहून गाडी उचलू लागतात. ज्या बर्फावर तुम्ही घसरलात, त्याच बर्फावरून मागचा ट्रकही येत असतो, आणि थांबणे त्याच्याही हातात नसते.

हिम पडल्यावर तिथले प्रशासन दुचाकींना मनाई करते, फक्त चारही चाकांना जोर मिळणाऱ्या आणि साखळ्या लावलेल्या गाड्या पुढे सोडते. नाक्यावरच्या पोलिसाशी "आम्ही महाराष्ट्रातून एवढ्या लांबून आलो" म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पहाटेपासून वर काय झाले आहे ते त्याला कळलेले असते, आपल्याला नसते. रस्ता चालू असला तर मनालीहून केलाँगला हिमाचल परिवहनची बस जाते. तिचा चालक त्याच वळणांवरून वर्षानुवर्षे गेलेला असतो. गाडी मनालीत छपराखाली ठेवावी, बसमध्ये खिडकीची जागा धरावी, आणि पूल आला की चालक पाय कुठे ठेवतो तेवढे पाहावे.